स्मार्ट अंगठी आणि 'बरे असण्या'चा पुरावा : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

मराठी माणसाच्या बोटातील अंगठीला केवळ दागिना म्हणणे अपुरे ठरते. साखरपुड्याची अंगठी नात्याची ग्वाही देते. धार्मिक विधीच्या वेळी अनामिकेत घातलेले दर्भाचे पवित्रक कर्त्याच्या अधिकाराची खूण असते. ज्योतिषाने सुचविलेला पुष्कराज किंवा नीलम हा धारण करणाऱ्याची ग्रहपीडा आणि ती टळेल ही आशा, दोन्ही एकाच वेळी चारचौघांत मांडतो. संस्कृत साहित्यात अंगठीकडे याहूनही मोठे काम सोपविलेले आढळते. सुंदरकांडात हनुमंताने सीतेपुढे ठेवलेली मुद्रिका हा दूताच्या खरेपणाचा पुरावा होता. 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकात अंगठी हरवते म्हणून शकुंतलेची ओळख पटत नाही आणि माशाच्या पोटातून ती परत मिळते तेव्हाच दुष्यंताला सारे आठवते. स्वतःच्या स्मरणाचा आणि खातरीचा भार माणसाने बोटातील वस्तूवर टाकावा, ही कल्पना भारतीय मनाला परकी नाही.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या परंपरेत एका निराळ्या अंगठीची भर पडली. हृदयाचे ठोके, त्वचेचे तापमान, हालचाल व झोप यांची रात्रंदिवस नोंद ठेवणारी आणि सकाळी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शंभरपैकी गुण दाखविणारी ही 'स्मार्ट रिंग' होय. तिच्याविषयीचे लेखन सहसा किंमत, बॅटरी आणि अचूकता या तीन मुद्द्यांभोवती फिरते. ते आवश्यकच आहे. परंतु तेवढ्याने वस्तूचा अर्थ उलगडत नाही. प्रस्तुत लेखात या अंगठीचा विचार उपकरण म्हणून कमी आणि एक संहिता म्हणून अधिक केला आहे. ती शरीराविषयी काय सांगते, कोणत्या भाषेत सांगते आणि 'आज मला बरे वाटते' या साध्या विधानावर अखेरचा अधिकार कोणाकडे जातो, हे येथे पाहावयाचे आहे.

उपकरणाची घडण

फिनलंडमधील औलू या शहरात २०१३ मध्ये स्थापन झालेल्या 'ओरा' या कंपनीने २०१५ मध्ये लोकवर्गणीच्या मार्गाने आपली पहिली अंगठी बाजारात आणण्याची तयारी केली. पुढील आवृत्त्यांत ती सडपातळ होत गेली. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर दरमहा ५.९९ डॉलरचे शुल्क आले. बंगळूरच्या 'अल्ट्राह्यूमन' या कंपनीने २०२२ मध्ये आपली अंगठी आणली व मासिक शुल्क नसणे हेच तिचे वैशिष्ट्य म्हणून पुढे केले. २०२३ मध्ये 'बोट' व 'नॉइज' या भारतीय नाममुद्रा या बाजारात उतरल्या. २०२४ च्या जुलैमध्ये 'सॅमसंग'ने पॅरिस येथे 'गॅलक्सी रिंग' सादर केली आणि ऑक्टोबरमध्ये ती भारतात आली, तेव्हा तिची किंमत ३८,९९९ रुपये होती. पुढे एकस्वाच्या वादात अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'ओरा'च्या बाजूने निर्णय दिला. फिनलंड, कर्नाटक आणि वॉशिंग्टन यांना जोडणारा हा वाद काही ग्रॅम वजनाच्या कड्यासाठी झाला, ही बाब त्या कड्यामागील अर्थकारणाची कल्पना देण्यास पुरेशी आहे.

तंत्रज्ञान मात्र तुलनेने जुने आहे. अंगठीच्या आतील बाजूस बारीक प्रकाशदिवे व प्रकाशसंवेदक असतात. प्रत्येक ठोक्यासरशी बोटाच्या धमन्यांत रक्ताची लाट येते, त्या क्षणी प्रकाश अधिक शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. या चढउतारावरून नाडी कळते. बोटाच्या तळव्याकडील बाजूस धमन्या त्वचेलगत असल्याने मनगटापेक्षा तेथे संकेत स्पष्ट मिळतो. अंगठीचा घड्याळावरील खरा सरसपणा येथेच आहे. जोडीला तापमानाचा संवेदक आणि तीन दिशांतील हालचाल टिपणारा त्वरणमापक. एवढीच सामग्री.

मोजलेले आणि अनुमानिलेले

या सामग्रीतून पडद्यावर जे दिसते त्याचे दोन वर्ग पडतात आणि पडद्यावर ते वेगळे दाखविले जात नाहीत. पहिला वर्ग मोजलेल्या गोष्टींचा. विश्रांतीतील नाडीचा वेग आणि दोन ठोक्यांमधील अंतरात होणारा सूक्ष्म बदल या बाबी अंगठी प्रत्यक्ष टिपते. हे अंतर घड्याळाच्या लंबकाप्रमाणे एकसारखे नसते. निरोगी हृदयात ते सतत किंचित कमीअधिक होत असते. रात्रीच्या जागरणाने, मद्याने, तापाने किंवा अतिश्रमाने ही लवचीकता घटते. बोट स्थिर असताना, म्हणजे मुख्यतः झोपेत, अंगठीची ही नोंद विश्वासार्ह असते.

दुसरा वर्ग अनुमानिलेल्या गोष्टींचा आणि त्यात सर्वांत महत्त्वाची आहे ती झोप. झोपेचे टप्पे ठरविण्याची शास्त्रीय पद्धत १९६८ मध्ये रेक्टशाफेन व केल्स यांच्या नियमावलीने प्रस्थापित झाली आणि २००७ मध्ये अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने ती नव्याने मांडली. या पद्धतीत मेंदूच्या विद्युतलहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण यांचे आलेख घेऊन तीस-तीस सेकंदांचा तुकडा तपासला जातो. तरीही दोन प्रशिक्षित तज्ज्ञांचे एकमत सुमारे ऐंशी टक्क्यांच्या आसपासच होते. अंगठीला यांतले काहीच दिसत नाही. मेंदूपासून हातभर दूर असलेल्या बोटातून ती नाडी, हालचाल व तापमान पाहते आणि त्यावरून 'गाढ झोप एक तास बारा मिनिटे' असे सांगते. 'ओरा'च्या सुरुवातीच्या अंगठीची प्रयोगशाळेतील आलेखांशी तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ४१ निरोगी किशोरवयीन व तरुण व्यक्तींवरील त्या अभ्यासात झोप ओळखण्यात अंगठी ९६ टक्के यशस्वी ठरली, पण जागेपण ओळखण्यात केवळ ४८ टक्के. गाढ झोपेच्या बाबतीत जुळणी ५१ टक्के होती. त्यानंतर गणनविधी पुष्कळ सुधारले आहेत, हे नमूद करणे न्यायाचे होईल. तथापि त्या आकड्यांतून दिसणारा दोषाचा कल केवळ सुधारणेने नाहीसा होण्यासारखा नाही. जो मनुष्य अंधारात डोळे मिटून, हातपाय न हलविता, मुलीच्या लग्नाचा किंवा कर्जाच्या हप्त्याचा विचार करीत पडून राहतो, तो अंगठीच्या दृष्टीने सहज झोपलेला ठरू शकतो. निद्रानाशाचा रुग्ण नेमका असाच पडलेला असतो. म्हणजे ज्याला या नोंदीची सर्वाधिक गरज, त्याच्याच बाबतीत ती चुकण्याचा संभव अधिक.

ऑक्सिजनच्या मापनालाही अशीच मर्यादा आहे. बोटाच्या टोकाला लावावयाच्या वैद्यकीय मापकांविषयी २०२० च्या डिसेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तातील ऑक्सिजनची धोकादायक घट या मापकांकडून गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिपटीने अधिक वेळा निसटते. त्वचेतील रंगद्रव्य प्रकाश शोषते, हे भौतिकशास्त्र अंगठीलाही लागू आहे. रक्तातील साखरेचा प्रश्न त्याहून सोपा आहे. त्वचेला न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारे कोणतेही घड्याळ वा अंगठी आपण मान्य केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. घरोघरी मधुमेह असलेल्या समाजात तो मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर यावयास हवा होता.

गुणांकाची भाषा

मोजलेले आणि अनुमानिलेले अशा दोन्ही प्रकारच्या गोष्टी अखेर एका आकड्यात मिसळतात. 'ओरा' त्याला सज्जतेचा गुणांक म्हणते, 'सॅमसंग' ऊर्जेचा. शंभरपैकी ८५ किंवा अधिक गुण मिळाले तर 'ओरा'च्या पडद्यावर लहानसा मुकुट उमटतो. साठाच्या खाली गेल्यास लक्ष देण्याची सूचना येते. कोणत्या घटकाला किती भार दिला हे कंपनी पूर्णपणे उघड करीत नाही. घटकांची नावे सांगितली जातात, सूत्र सांगितले जात नाही.

संहिता म्हणून अंगठीचा खरा विचार येथे सुरू होतो. नाडीचा आकडा वर्णन करतो. गुणांक न्याय देतो. 'विश्रांतीतील नाडी ६२' हे विधान बरोबर की चूक ते तपासता येते. 'सज्जता ७१' हे विधान कशाशी ताडून पाहावयाचे? शरीरात 'सज्जता' नावाचा पदार्थ नाही, अवयव नाही, द्रव नाही. हा आकडा बनविणाऱ्याने बनविला आहे आणि त्याची खरेखोटेपणाची कसोटीही बनविणाऱ्याकडेच आहे. तरीही तो परीक्षेच्या गुणांप्रमाणे दिसत असल्यामुळे वाचणारा त्याच्याकडे परीक्षेच्या निकालाप्रमाणेच पाहतो. मुकुट हे चिन्हही पाहण्यासारखे आहे. रात्रभर झोपणे ही ज्यात काही करावे लागत नाही अशी गोष्ट, आणि तिच्यासाठी बक्षीस.

महाविद्यालयीन अध्यापकांना या प्रक्रियेचा अनुभव नवा नाही. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी अध्यापनाचे, संशोधनाचे आणि संस्थेतील सहभागाचे रूपांतर निर्देशांकाच्या गुणांत केले, तेव्हा अध्यापन सुधारले की गुण मिळविण्याची कला सुधारली, याविषयी प्रत्येक विभागात स्वतंत्र मत आढळेल. (नियतकालिकांची संख्या मात्र निश्चित वाढली, त्यास हे पृष्ठही अपवाद मानण्याचे कारण नाही.) ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार येथे लागू पडतो: एखाद्या मापावर नियंत्रणाचा भार टाकला की ते माप म्हणून निकामी होऊ लागते. अंगठी घालणारा मनुष्य हळूहळू झोपेसाठी झोपत नाही, गुणांसाठी झोपतो.

याला वैद्यकीय आधारही आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतील निद्रातज्ज्ञ केली बॅरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध करून 'ऑर्थोसोम्निया' ही संज्ञा रूढ केली. निर्दोष झोपेच्या आकड्याचा ध्यास हेच या रुग्णांच्या तक्रारीचे मूळ होते. प्रयोगशाळेतील आलेखात गाढ झोप दिसली असे सांगितल्यावरही आपल्या उपकरणाचे म्हणणे वेगळे का, हाच प्रश्न पुढे आला. त्यांच्या हातांत घड्याळे होती, अंगठ्या नव्हत्या. परंतु भाषा हीच होती. त्याहून विचारप्रवृत्त करणारा प्रयोग २०१४ चा आहे. ड्रॅगनिच आणि अर्डाल या संशोधकांनी काही व्यक्तींना त्यांच्या झोपेविषयी खोटे आकडे सांगितले. झोप चांगली झाली असे ज्यांना सांगितले, त्यांनी नंतरच्या बौद्धिक चाचण्यांत चांगली कामगिरी केली; वाईट झाली असे सांगितलेले मागे पडले. प्रत्यक्षात ती व्यक्ती कशी झोपली, या तिच्या स्वतःच्या मताचा तेवढा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ असा की सकाळी पडद्यावर उमटणारा आकडा गेलेल्या रात्रीचे वर्णन करून थांबत नाही, तो येणारा दिवस घडवितो. सकाळच्या वर्तमानपत्रातील राशिभविष्य वाचून 'आज आर्थिक व्यवहार टाळावेत' या ओळीमुळे बँकेत न जाणारा गृहस्थ आणि '६३' पाहून फिरावयास न जाणारी त्याची सून यांच्यातील अंतर वाटते तितके मोठे नाही. नीलमाच्या अंगठीनंतर पुन्हा एकदा भविष्य सांगणारी अंगठी बोटात आली आहे, एवढेच. फरक असा की या भविष्याखाली खऱ्या नाडीचा आधार असतो, आणि म्हणून ते नाकारणे अधिक अवघड जाते.

नाडी कोणी पाहावी?

येथवरची टीका अंगठीची एक खरी बाजू झाकून टाकील असे होऊ नये. बहुतेक वैद्यकीय चाचण्या व्यक्तीची तुलना समूहाच्या सरासरीशी करतात. चांगली अंगठी व्यक्तीची तुलना तिच्या स्वतःच्या मागील काही आठवड्यांशी करते. एकाची विश्रांतीतील नाडी नेहमी ५४ असते, दुसऱ्याची ७४. दोघेही निरोगी असतात. मात्र पहिल्याची नाडी सलग तीन रात्री ६४ वर राहिली तर काही तरी घडत आहे, आणि ही गोष्ट वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीत कळणे शक्य नाही. कोविडच्या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी 'टेम्प्रेडिक्ट' या अभ्यासात अंगठीच्या तापमाननोंदी गोळा केल्या. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५० बाधितांवरील प्राथमिक निष्कर्षांत काहींच्या तापमानातील वाढ लक्षणे जाणवण्याआधीच नोंदली गेल्याचे दिसून आले. हे लहान यश नाही.

व्यक्तीचे माप तिच्या स्वतःच्याच प्रकृतीवरून घ्यावे, हा विचार आयुर्वेदाला परिचित आहे. मराठीत आजही 'तब्येत कशी आहे?' याबरोबरच 'प्रकृती कशी आहे?' असे विचारले जाते. 'प्रकृती' या शब्दात जन्मजात घडण आणि आजची अवस्था हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. झोपेला इतके वरचे स्थान देण्यासाठी आधुनिक आरोग्यउद्योगाची वाट पाहावी लागली नव्हती. नाडीपरीक्षा मात्र चरक-सुश्रुतांत नाही. ती सविस्तर प्रथम भेटते ती शार्ङ्गधरसंहितेत. तेथे वाताची नाडी सापाच्या वा जळवेच्या गतीची, पित्ताची कावळ्या-बेडकाच्या, कफाची हंस-पारव्याच्या गतीची सांगितली आहे. आधुनिक वाचकाला ही उपमांची भाषा अशास्त्रीय वाटेल. परंतु तिचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावयास हवे: ती भाषा वैद्याच्या बोटांतील अनुभव शिष्याच्या बोटांत उतरविण्यासाठी होती. नाडी पाहणारा रोग्याचा हात हातात घेत असे, त्याला प्रश्न विचारत असे, घरातले माणूस शेजारी उभे असे. नाडीचा अर्थ त्या संभाषणात ठरत असे.

अंगठीने नाडी ठेवली आणि संभाषण काढून टाकले. रुग्ण व वैद्य एकाच व्यक्तीत सामावले आणि तिसरा, सूत्र ठाऊक असलेला पक्ष दृष्टीआड गेला. मिशेल फूको यांनी १९८२ मधील व्हर्मांट येथील व्याख्यानांत, माणसे स्वतःवर काम करून स्वतःला घडवितात त्या रीतींना 'स्व-तंत्रे' म्हटले होते. स्वतःची दैनंदिनी, कबुली, संध्याकाळचे आत्मपरीक्षण ही त्यांची उदाहरणे. अंगठीकडे याच ओळीत पाहता येईल, पण एक अडचण राहते. दैनंदिनी लिहिणारा स्वतः शब्द निवडतो. अंगठी घालणाऱ्याने काहीच लिहिलेले नसते. त्याच्या वतीने लिहिलेले तो वाचतो. सुश्रुताने स्वास्थ्याच्या व्याख्येत दोष, अग्नी व धातू यांच्या समतेबरोबर मन, इंद्रिये व आत्मा यांची प्रसन्नता ही अट घातली, ती कोणत्याही संवेदकाला टिपता येणारी नाही आणि कदाचित टिपता यावी अशी अपेक्षाही नसावी. अडचण उद्भवते ती, सकाळी उठल्यावर प्रसन्न वाटत असूनही पडद्यावरील आकडा वेगळे सांगतो आणि माणूस आकड्याला मान देतो, तेव्हा.

कोणाचे बोट?

महाराष्ट्राच्या संदर्भात हा विचार एका जवळच्या आठवणीशी जोडणे आवश्यक ठरते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू केली आणि आशा कार्यकर्त्या तापमापक व ऑक्सिमापक घेऊन घरोघर जाऊ लागल्या. शरीराचा आकडा सामान्य मराठी घरात एवढ्या प्रमाणात प्रथमच शिरला. पुढे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत '९४' या संख्येचा अर्थ शाळेत न गेलेल्या आजीलाही कळत होता. त्या आकड्यात आणि अंगठीच्या गुणांकात मूलभूत फरक आहे. आशाताईंनी वहीत लिहिलेला आकडा दुसऱ्या कोणावर तरी जबाबदारी टाकत असे. तो ९४ च्या खाली गेला तर आरोग्य केंद्राला कळवावे लागे, खाट शोधावी लागे, गाडी मिळवावी लागे. ती व्यवस्था अनेकदा अपुरी पडली. परंतु आकड्याची मागणी व्यवस्थेकडे होती. अंगठीचा आकडा कोणाकडेच काही मागत नाही. तो ज्याच्या बोटात आहे त्यालाच सल्ला देतो: लवकर झोपा, मद्य टाळा, आज विश्रांती घ्या.

हा सल्ला चुकीचा नाही. तो कोणाला पाळता येईल, एवढाच प्रश्न आहे. स्वतंत्र निजण्याची खोली, ठरलेल्या वेळी संपणारे काम आणि केवळ स्वतःचा असा भ्रमणध्वनी हे तिन्ही गृहीत धरून ही अंगठी घडविली आहे. दोन पाळ्यांत काम करणारी परिचारिका, पहाटे पाण्याच्या वेळेला उठणारी गृहिणी, कोयता हाती घेऊन पहाटेपासून उसाच्या फडात असणारी तोडणी कामगार यांच्या झोपेचे गुण कमी येतील, आणि ते कमी येण्याचे कारण त्यांच्या सवयींत नसेल. कणीक मळताना, खुरपे धरताना, भांडी घासताना अंगठी काढून ठेवावी लागते. म्हणजे श्रमाचा दिवस नोंदीत रिकामा दिसतो आणि जिममधील पाऊण तास ठळक अक्षरांत उमटतो. गरोदरपणात बोटे सुजतात, तेव्हा तर ती बोटात राहतच नाही.

येथे आणखी एका आकड्याची आठवण अपरिहार्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या; देशाचे प्रमाण ५७ टक्के होते. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांचा थकवा ज्या एका गोष्टीने स्पष्ट होऊ शकेल, ते हिमोग्लोबिन ही अंगठी सांगत नाही. रक्तक्षय असलेल्या स्त्रीची नाडी जलद चालते. अंगठी ती अचूक टिपील आणि तिला ताण कमी करण्याचा, दीर्घ श्वास घेण्याचा सल्ला देईल. ज्या स्त्रीला लोहाच्या गोळ्या आणि पोटभर डाळ हवी, तिला श्वसनाचा व्यायाम सुचविला जाईल. बोटातून सुईने काढलेला रक्ताचा एक थेंब प्राथमिक आरोग्य केंद्रात जे सांगतो, ते त्याच बोटावरील अडतीस हजारांची वस्तू सांगत नाही. अर्थात ही वस्तू त्या स्त्रीसाठी बनविलेलीच नाही, असे उत्तर मिळेल, आणि ते खरे आहे. पण मग 'आरोग्याचे भविष्य' अशा शब्दांत होणारी तिची जाहिरात कोणाच्या आरोग्याविषयी बोलते, हेही त्याच उत्तरात सांगितले जावयास हवे.

नोंदीची मालकी

दुष्यंताच्या अंगठीत एकच स्मृती होती आणि ती दोघांचीच होती. आजच्या अंगठीतील स्मृती दूरच्या संगणकांत साठते. २०२० मध्ये अमेरिकेतील 'एनबीए' या बास्केटबॉल संघटनेने ऑर्लँडो येथील बंदिस्त स्पर्धेत खेळाडूंना ही अंगठी ऐच्छिक स्वरूपात देऊ केली. २०२५ मध्ये 'ओरा'च्या अमेरिकी संरक्षण खात्याशी असलेल्या व्यवहारावरून समाजमाध्यमांत वादंग उठले आणि ग्राहकांची नोंद शासनाला दिली जात नसल्याचा खुलासा कंपनीला करावा लागला. खुलासा खरा मानला तरी वाद का उठला, हे समजण्यासारखे आहे. स्त्रीच्या शरीराचे तापमान बीजविमोचनानंतर सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने वाढते व मासिक पाळी येताच उतरते. त्यामुळे रात्रीच्या तापमानावरून पाळी, आणि ती चुकल्यास गर्भधारणा, यांचा अंदाज करता येतो. २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक अधिकार रद्द ठरविल्यानंतर तेथील स्त्रियांना या नोंदी अचानक साक्षीपुराव्यासारख्या वाटू लागल्या.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत अधिकार मानले. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम झाला. या कायद्याची चर्चा करताना एक बदल सहसा दुर्लक्षिला जातो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील २०११ च्या नियमांत शारीरिक व मानसिक आरोग्याविषयीच्या माहितीला 'संवेदनशील' असा वेगळा वर्ग होता. २०२३ च्या अधिनियमात असा वर्गच नाही. पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि रात्री अडीच वाजताचा हृदयाचा ठोका, सर्वांना एकच माप. शिवाय अधिनियमाच्या सातव्या कलमात, संमतीशिवाय माहिती वापरता येईल अशा प्रयोजनांच्या यादीत नोकरीविषयक प्रयोजने आणि मालकाला होणाऱ्या हानीपासून त्याचे रक्षण यांचाही समावेश आहे. बायोमेट्रिक हजेरीच्या यंत्रावर रोज बोट टेकविणाऱ्या अध्यापकवर्गाने हे कलम मुळातून वाचण्यासारखे आहे. उद्या एखाद्या संस्थेने 'कर्मचारी स्वास्थ्य योजना' म्हणून हीच अंगठी मोफत वाटली, तर ती नाकारणाऱ्याला कारण सांगावे लागेल की घालणाऱ्याला, याचे स्पष्ट उत्तर कलमाच्या शब्दांत सापडत नाही. अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य बंधने लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या अंगठ्यांची विक्री मात्र देशात त्यापूर्वीच तीन वर्षे सुरू होती.